लोणारच्या काठावर दोन दिवस

विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलडाणा जिल्ह्याला समुद्र नाही, आणि राज्यातील सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी एकही या जिल्ह्यात नाही. मात्र खाऱ्या पाण्याचा काठ, त्या काठाला लागूनच राखलेले अभयारण्य आणि भोवताली दोन-तीन दिवसांत पाहून होतील अशी ऐतिहासिक व धार्मिक स्थळे, असा दुर्मीळ योग जुळून आलेले एक ठिकाण या जिल्ह्यात आहे. ते म्हणजे लोणार. उल्कापाताने निर्माण झालेले सरोवर म्हणून त्याचे नाव शालेय पुस्तकांपासून सर्वांच्या ओळखीचे असते. प्रत्यक्ष गेलेल्यांची संख्याही मोठी आहे. पण लोणार पाहिले असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते वरूनच पाहिलेले असते.

मुंबई-पुण्याकडील पर्यटक शेगावचे दर्शन किंवा अजिंठा-वेरूळची सहल आटोपून परतीच्या वाटेवर येथे गाडी थांबवितात, विवराच्या कड्यावर उभे राहून छायाचित्रे घेतात आणि अर्ध्या तासात पुढे निघतात. कड्यावरून एक मोठा खड्डा आणि त्याच्या तळाशी हिरवट पाणी दिसते. दुपारच्या उन्हात तर तेही धड दिसत नाही. ‘एवढे काय त्यात?’ असा प्रश्न घेऊन परतणारे कमी नाहीत. त्यात दोष लोणारचा नसून सहलीच्या आखणीचा आहे. लोणारला जाता जाता न थांबता तेथे दोन रात्री मुक्काम करावा आणि मेहकर, सिंदखेड राजा ही ठिकाणे तेथून पाहून यावीत, असा उलटा बेत आखला तरच या सहलीचे सार्थक होते.

विवराची जन्मकथा

दख्खनच्या पठाराचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. अतिवेगाने आलेली उल्का या खडकावर आदळली आणि जवळजवळ वर्तुळाकार असे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. आघाताने उसळलेला दगडमातीचा ढिगारा काठावर साचल्यामुळे विवराचा कडा भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उठलेला आहे. कड्यापासून सरोवराच्या पाण्यापर्यंतची खोली १३७ मीटरच्या आसपास, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारतीच्या उंचीएवढी भरते. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आहे. बेसाल्ट खडकात आघाताने तयार झालेली विवरे पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि त्यांत लोणारचे विवर सर्वांत सुस्थितीत राहिलेले मानले जाते. चंद्र व मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसाल्टच असल्याने तेथील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारची वाट धरतात.

हे विवर उल्केचे आहे, हे सिद्ध होण्यास मात्र बराच काळ लागला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे विवराच्या उत्पत्तीविषयी वाद चालू राहिला. भोवतालचा सर्व प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, तेव्हा हे विवरही ज्वालामुखीचेच असावे, असे मानणे स्वाभाविक होते. अखेर विवराच्या तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड दाबाखाली रूपांतर झालेली काचसदृश खनिजे सापडली. असा दाब ज्वालामुखीच्या उद्रेकात निर्माण होत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने आघाताचा पक्ष निर्विवाद ठरला. १९७९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या स्थळाला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा दिला.

विवराच्या वयाबद्दल पर्यटकांना वेगवेगळे आकडे ऐकावयास मिळतात आणि मार्गदर्शक ते ठामपणे सांगतात. फलकांवर व जुन्या पुस्तकांत सुमारे ५० हजार वर्षे हा आकडा आढळतो. तो तापदीप्ती पद्धतीने काढलेल्या सुमारे ५२ हजार वर्षे या वयावरून रूढ झालेला आहे. परंतु आघातात वितळलेल्या खडकांचे आर्गॉन पद्धतीने केलेले कालमापन २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि त्यानुसार विवराचे वय ५ लाख ७० हजार वर्षांच्या घरात जाते. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. पहिला आकडा खरा असेल, तर हा आघात या प्रदेशात माणसाचा वावर असताना झाला असण्याची शक्यता उरते, आणि दुसरा खरा असेल तर लवणासुराच्या कथेत त्या आघाताची आठवण शोधणाऱ्यांचा आधार निघून जातो.

ती कथा स्कंदपुराणाच्या आधारे सांगितली जाते. लवणासुर नावाचा दैत्य भूमीखाली विवरात दडून राहत असे व लोकांना छळत असे. विष्णूने दैत्यसूदनाचा अवतार घेऊन विवरावरचे झाकण उडविले आणि त्याचा वध केला. गावाचे नाव, पाण्याचा खारटपणा आणि गावातील मुख्य मंदिर, असे तिन्ही या कथेशी जोडले गेले आहेत.

विवरात उतरताना

लोणारच्या सहलीतील खरा दिवस विवरात उतरण्याचा. त्यासाठी सूर्योदयानंतर लगेच निघावे. ऊन चढल्यावर विवराच्या आत वारा खेळत नाही, आणि दीडशे मीटरच्या आसपासचा चढ परतीच्या वेळी चढावयाचा असतो हे उतरताना लक्षात राहत नाही. सोबत पिण्याचे पाणी पुरेसे असावे, कारण तळाशी अफाट पाणी असले तरी ते पिण्याजोगे नाही. घट्ट पकड असलेले बूट हवेत. सरोवराच्या काठाचा चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो. काठापासून दोन हात अंतर राखूनच चालावे.

खाली जाण्याच्या वाटांपैकी बहुतेकांच्या सोयीची वाट धार या ठिकाणापासून निघते. विवराच्या कड्यालगत असलेल्या या ठिकाणी गोमुखातून बारमाही गोड्या पाण्याची धार कुंडात पडते. भोवती लहान मंदिरांचा समूह आहे आणि येथूनच विवराचे पहिले पूर्ण दर्शन घडते. भाविक येथे स्नान करतात. कुंडातून निघणारे पाणी झऱ्याच्या रूपाने विवराच्या उतारावरून सरोवराकडे जाते.

उतरताना पाच-दहा मिनिटांतच गावाचा आवाज मागे पडतो. विवराच्या भिंतींवर सागासारखी पानगळीची झाडे, सीताफळाची झुडपे, चिंच असे रान आहे आणि पावसाळ्यानंतर ते दाट असते. काठाजवळ वेड्या बाभळीने मोठी जागा व्यापली होती. ही परदेशी झाडे स्थानिक वनस्पतींना वाढू देत नाहीत, म्हणून वनविभागाने ती काढण्याचे काम हाती घेतले. हे सगळे मिळून लोणार वन्यजीव अभयारण्य होते. २००० साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरपेक्षाही कमी आहे. एवढ्या लहान अभयारण्यात जीप सफारी नसते आणि ते बरेच आहे. येथे पायीच फिरावे लागते.

मोर हा या अभयारण्याचा मुख्य रहिवासी. पहाटे विवराच्या एका भिंतीवरून निघालेली मोराची केका समोरच्या भिंतीवर आदळून परत येते आणि किती मोर आहेत याचा अंदाज लागत नाही. वानरांच्या टोळ्या, मुंगूस, घोरपड ही नित्य दिसणारी मंडळी. पाण्यावर टिबुकल्या, उथळ काठावर लांब तांबड्या पायांचे शेकाटे आणि हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. २०२० साली लोणार सरोवराचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. नांदूर मधमेश्वरनंतरचे हे राज्यातील दुसरे रामसर स्थळ. त्या नोंदीत ४२७ हेक्टर क्षेत्र, पक्ष्यांच्या १६० जाती, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ जाती आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जातींचा उल्लेख आहे. पांढऱ्या मानेचा करकोचा आणि लांडगा यांचाही त्यात समावेश आहे. दुर्बीण असल्यास सोबत घ्यावीच.

सरोवराच्या काठाने चालत गेल्यास मध्ययुगीन मंदिरांची मालिका लागते. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव अशी त्यांची नावे आहेत. काही मंदिरे झाडांच्या मुळांनी गिळलेली, काही वटवाघळांच्या ताब्यात गेलेली. अंधाऱ्या गाभाऱ्यात विजेरीवाचून शिरू नये. यांत पूजेतले व गजबजलेले मंदिर एकच आहे, कमळजा देवीचे. नवरात्रात येथे यात्रा भरते आणि मग विवराच्या वाटा माणसांनी भरून जातात. शांतपणे पक्षी पाहू इच्छिणाऱ्यांनी ते नऊ दिवस टाळावेत. ज्यांना लोणारकरांचे या सरोवराशी असलेले नाते पाहावयाचे आहे, त्यांनी मात्र नेमके त्याच दिवसांत जावे.

काठाने पूर्ण फेरी मारणे दरवर्षी शक्य होईलच असे नाही. पाणी चढलेले असले की वाट बुडते. किती अंतरापर्यंत जाता येईल हे वनविभागाच्या नाक्यावर विचारून घ्यावे. शक्यतो स्थानिक मार्गदर्शक बरोबर घ्यावा. दगडांतील फरक, झऱ्यांच्या जागा आणि पाण्याच्या बदलत्या रेषा त्यांच्याइतक्या नेमकेपणाने कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत.

पाण्याला वाट नाही

लोणारला जाणाऱ्याने एक गोष्ट समजून घेतल्यास सरोवराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. या सरोवरात पाणी येण्याचे मार्ग अनेक आहेत. पाऊस, विवराच्या उतारावरील ओघळ, धारेसारखे झरे. बाहेर जाणारा प्रवाह मात्र एकही नाही. पाणी कमी होते ते प्रामुख्याने बाष्पीभवनाने, आणि वाफ होताना क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हे चालत आल्याने पाणी खारे आणि अत्यंत अल्कधर्मी झाले आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. साबणाच्या पाण्यासारखा बुळबुळीत स्पर्श त्यामुळेच जाणवतो. नेहमीचे जलचर अशा पाण्यात जगू शकत नाहीत, परंतु नीलहरित शैवाल आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव यांची वेगळीच सृष्टी येथे नांदते. सरोवराचा हिरवा रंग त्या शैवालाचा आहे.

येथील क्षारांची कीर्ती जुनी आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा आणि तेथे मिळणाऱ्या, काच व साबण बनविण्यास उपयुक्त अशा द्रव्यांचा उल्लेख आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत आणि लोक ते गोळा करीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवारीनुसार त्यांना नावे होती. आज तो व्यवसाय राहिलेला नाही, पण कोरड्या दिवसांत काठावरचा पांढरा पापुद्रा तेवढा दिसतो.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले आणि टाळेबंदीतही लोणार देशभर बातम्यांत झळकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर सरोवराच्या संवर्धनाविषयीची जनहित याचिका आधीपासूनच होती. तेथेही या बदलाची दखल घेतली गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत कारण समोर आले. त्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी घटून क्षारता वाढली होती आणि गुलाबी रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची, म्हणजे हॅलोआर्कियांची, संख्या प्रचंड वाढली होती. पाऊस पडला, पाणी पातळ झाले, सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. त्यानंतरच्या चांगल्या पावसाच्या वर्षांत याच्या उलट घडले. पाणी चढत गेले आणि काठावरील मंदिरांना लागले.

पातळी घटो वा चढो, दोन्हींचा अर्थ एकच. हे सरोवर म्हणजे क्षार आणि गोडे पाणी यांचा तोल आहे. गोडे पाणी प्रमाणाबाहेर आले की खारेपणावर पोसलेली सृष्टी संकटात येते, आणि सांडपाणी आले तर ते कोठेही वाहून न जाता तेथेच साठते. लोणार गाव विवराच्या कड्यालाच खेटून वसलेले आहे. गावातील सांडपाणी सरोवराकडे उतरण्याचा प्रश्न त्यामुळेच इतकी वर्षे चर्चेत व न्यायालयात राहिला. विवराच्या तळाशी पूर्वी शेतीही होत असे. नदीत टाकलेला कचरा निदान डोळ्यांआड जातो, लोणारमध्ये टाकलेला साबणाचा एक कपही पुढच्या पिढीसाठी तेथेच राहतो. धारेवर स्नान करणाऱ्या पर्यटकाने साबण, शांपू लावू नये आणि कपडे धुऊ नयेत, हा नियम म्हणूनच औपचारिक समजू नये. निर्माल्य, प्लॅस्टिकच्या बाटल्या व खाद्यपदार्थांची वेष्टने परत वर आणावीत. काठावरचे दगड आठवण म्हणून खिशात घालण्याची सवयही सोडावी. आघाताने वितळून गोठलेला काचेसारखा एक तुकडा घरातल्या कपाटात निरर्थक असतो, जागेवर मात्र तो पुरावा असतो.

गावातील मंदिरे

विवरातून वर आल्यावर दुपार विश्रांतीत घालवून उन्हे कलल्यावर दैत्यसूदन मंदिर पाहावे. लोणार गावाच्या मध्यभागी असलेले हे विष्णूमंदिर चालुक्य-यादव काळातील असून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेले आहे. मंदिराचा पाया ताऱ्याच्या आकाराचा आहे. बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी व मिथुनशिल्पे यांच्या रांगा आहेत, त्यामुळे कोणी त्याची खजुराहोशी तुलना करतात. तुलना थोडी ताणलेली असली तरी शिल्पांचा दर्जा उत्तम आहे यात शंका नाही. गाभाऱ्यात लवणासुराला पायाखाली दाबून उभा असलेला विष्णू आहे. छतावरील शिल्पे पाहण्यासाठी येथेही विजेरी उपयोगी पडते. भिंतींच्या कोपऱ्यांत तिरकस ऊन येते तेव्हा मूर्तींच्या कडा उठून दिसतात, म्हणून सायंकाळची वेळ सांगितली जाते.

मुख्य विवरापासून साधारण पाऊण किलोमीटरवर अंबर तळे किंवा छोटे लोणार नावाचा एक लहान खोलगट भाग आहे. मूळ उल्केच्या तुकड्याने तो झाला असावा असे काही अभ्यासक मानतात, इतरांना ते मान्य नाही. त्याच्याजवळच मोठ्या मारुतीचे मंदिर आहे. मारुतीची मूर्ती येथे आडवी, निद्रिस्त आहे. मूर्तीचा दगड चुंबकीय असल्याचे सांगून पुजारी व मार्गदर्शक होकायंत्राची सुई फिरवून दाखवितात. लोहखनिज असलेल्या दगडाजवळ सुई हलणे हा काही चमत्कार नव्हे, पण लहान मुले बरोबर असतील तर प्रयोग म्हणून जरूर पाहावा.

मेहकर आणि सिंदखेड राजा

दुसरा दिवस भोवतालच्या ठिकाणांसाठी. लोणारहून सुमारे २५ किलोमीटरवर पैनगंगेच्या काठी मेहकर आहे. येथील शारंगधर बालाजीची भव्य काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली. कारागिरी इतकी बारीक आहे की प्रभावळीतील आकृतींची नखेही मोजता यावीत. मराठी कवितेच्या वाचकांना मेहकर ठाऊक असते ते आणखी एका कारणाने. कवी ना. घ. देशपांडे यांनी आयुष्य याच गावात वकिली करीत काढले. गावाबाहेरच्या कंचनीच्या महालाची दंतकथा त्यांच्या कवितेमुळे महाराष्ट्रभर पोचली. महालाचे आज भग्नावशेषच उरले आहेत.

मेहकर सकाळी उरकून दुपारपर्यंत सिंदखेड राजा गाठावे. लोणारपासून हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी येथे जिजाऊंचा जन्म झाला. लखुजी जाधवरावांचा राजवाडा महामार्गालगतच आहे. भव्य प्रवेशद्वार शाबूत असले तरी आतील वाड्याचे अवशेषच पाहावयास मिळतात आणि जन्मस्थानाची जागा दाखविली जाते. येथे बरेच प्रवासी परत फिरतात. वास्तविक सिंदखेडचे वैभव वाड्याबाहेर विखुरलेले आहे. दगडी बांधाचा मोती तलाव, चांदणी तलाव, शिल्पांनी सजलेली पुतळा बारव, रंगमहाल आणि काळाकोट ही अपुरी राहिलेली दांडगी तटबंदी पाहिल्यावर एका वतनदार घराण्याने उभारू घातलेल्या शहराची कल्पना येते. पाण्याची व्यवस्था पाहण्याची आवड असणाऱ्यांनी बारव आणि दोन्ही तलाव यांसाठी दोन तास वेगळे ठेवावेत.

१६२९ साली दौलताबाद येथे निजामशाही दरबारात लखुजींची मुलांसह हत्या झाली. सिंदखेडमधील त्यांची समाधी भव्य आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्व विभागाचे या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना जवळच जमिनीत शिवमंदिराचे अवशेष आणि त्यानंतर शेषशायी विष्णूची देखणी मूर्ती सापडली. जाधवरावांच्या आधीही हे गाव समृद्ध होते, याचा तो बोलका पुरावा.

१२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे लाखोंचा जनसागर लोटतो. जिजाऊंना वंदन करण्यासाठी जावयाचे असेल तर तोच दिवस. शिल्पे व बारवा पाहावयाच्या असतील तर त्या आठवड्यात येथे फिरकू नये.

शेगाव व ज्ञानगंगा

शेगावला लोणारहून मेहकर-खामगावमार्गे साधारण १२० किलोमीटर पडतात. एका दिवसात जाऊन येण्याऐवजी परतीचा मुक्काम तेथे करणे सोयीचे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. संस्थानची भक्तनिवासे, स्वच्छता व शिस्त यांबद्दल नव्याने सांगण्याची गरज नाही. गुरुवार, प्रकटदिन व ऋषिपंचमीच्या पुण्यतिथीला गर्दी फार असते. आनंदसागर पाहण्याचा बेत असल्यास ते खुले असल्याची खात्री संस्थानकडे आधी करून घ्यावी, कारण ते मध्यंतरी काही वर्षे बंद होते. शेगावची कचोरी स्थानकावरच मिळते. वाटेतले खामगाव चांदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

बुलडाणा ते खामगाव या रस्त्याने गेल्यास ज्ञानगंगा अभयारण्याचा घाट लागतो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात अस्वल व बिबट्या ही मुख्य श्वापदे. येथे २०१९ च्या अखेरीस एक अनपेक्षित पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ विदर्भ, मराठवाडा व तेलंगणचा मुलूख तुडवीत, तीन हजार किलोमीटरहून अधिक चालून ज्ञानगंगेत येऊन स्थिरावला. शेतांतून, रस्ते व नाले ओलांडत तो आला आणि मोठ्या वस्त्यांना चुकवीत राहिला. वृत्तपत्रांनी त्याला ‘वॉकर’ हे नाव दिले. सोबतीला वाघीण मात्र तेथे नव्हती. ज्ञानगंगेत प्राणी दिसतीलच अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होण्याचा संभव अधिक. जंगलासाठी जाणाऱ्यांनी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे, सातपुड्यातील अंबाबरवा अभयारण्य निवडावे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यासाठी वेगळा दिवस लागतो आणि लोणारच्या सहलीत ते कोंबू नये.

कसे जावे, कधी जावे

लोणारला रेल्वे नाही. मुंबईकडून येणाऱ्यांना जालना हे सोयीचे स्थानक असून तेथून लोणार ८५ ते ९० किलोमीटर आहे. शेगावपासून सुरुवात करावयाची असल्यास भुसावळ-नागपूर मार्गावरील शेगाव स्थानक आहेच. छत्रपती संभाजीनगरहून रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर पडतात. जालना, मेहकर व बुलडाणा येथून एस. टी. बस मिळतात, मात्र सायंकाळनंतरच्या बसवर विसंबून राहू नये.

मोटारीने येणाऱ्यांचा प्रवास मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाने सोपा केला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. तो देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार व मेहकर या तालुक्यांतून जातो. दुचाकीला या मार्गावर परवानगी नाही, हे मोटारसायकलने सहली करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका मोठा असतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला होता. रात्रभर गाडी चालवून पहाटे लोणारला पोचण्याचा बेत करू नये. दुपारी पोचावे, कड्यावरून सूर्यास्त पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विवरात उतरावे.

राज्य पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान लोणारला आहे. नवरात्र, दिवाळी व नाताळच्या सुटीत आरक्षण आधी करावे. गावात साधी उपाहारगृहे आहेत. ज्वारीची भाकरी, पिठले आणि वऱ्हाडी ठेचा हे जेवण आधी सांगून ठेवल्यास ताजे मिळते. रोख रक्कम जवळ असावी.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वोत्तम काळ. पाऊस थांबल्यावर रान हिरवे असते आणि डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि विवर भट्टीसारखे तापते. जुलै-ऑगस्टमध्ये वरून दिसणारे दृश्य अप्रतिम असते, पण उतरणीच्या वाटा निसरड्या होतात आणि विवरात धुके उतरले तर समोरचा काठही दिसत नाही. वयोवृद्ध किंवा गुडघेदुखीचा त्रास असलेल्यांनी विवरात उतरण्याचा हट्ट न धरता कड्यावरून फिरावे. कड्याचा परीघ साडेपाच किलोमीटरहून थोडा अधिक आहे. धारेपासून सुरुवात करून सकाळच्या उन्हात त्यातील दोन-तीन किलोमीटर चालले तरी पाण्याचा रंग प्रत्येक वळणावर बदललेला दिसतो.